‘द स्मिथ्स’च्या गीतांतील वाङ्मयीन उचल आणि चाहत्यांचा वाद : मौलिकता, प्रभाव व श्रेय यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वाङ्मयचौर्याचा प्रश्न साहित्येतिहासाला नवा नाही. मात्र हा प्रश्न बहुधा पंडितांनी पंडितांसाठी चर्चिला आहे. सर्वसामान्य रसिकांनी, तेही प्रामुख्याने कुमारवयीन व तरुण श्रोत्यांनी, एखाद्या रचनेच्या मौलिकतेवर वर्षानुवर्षे वाद घालावा, मूळ ग्रंथ शोधून काढावेत आणि त्या शोधाचे रूपांतर पुढे विद्यापीठीय अभ्यासात व्हावे, अशी उदाहरणे थोडी आहेत. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९८७ मध्ये विसर्जित झालेल्या ‘द स्मिथ्स’ या बँडच्या गीतांभोवती झालेला वाद हे त्यांपैकी एक ठळक उदाहरण होय.

या बँडची गीते स्टीव्हन पॅट्रिक मॉरिसी यांनी लिहिली आणि त्यांना संगीत जॉनी मार यांनी दिले. अँडी रूर्क व माइक जॉइस हे अन्य दोन वादक होते. अवघ्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचे चार मुख्य ध्वनिमुद्रित संग्रह प्रसिद्ध झाले. एकाकीपणा, संकोच, गरिबी आणि अव्यक्त प्रेम यांविषयी त्यांतील शब्द इतक्या आपुलकीने बोलत की अनेक श्रोत्यांना ते कवीचे खाजगी कबुलीजबाब वाटले. पुढे यांतील कित्येक शब्द इतरांच्या नाटकांतून, कादंबऱ्यांतून व चित्रपटांतून आलेले आहेत हे उघड होत गेले, तेव्हा चाहत्यांमध्ये तट पडले. ही उचल म्हणजे चोरी की संस्कार, हा वादाचा मुख्य मुद्दा होता.

प्रस्तुत लेखात या वादाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. ‘मौलिक की चोरलेले’ या एकाच प्रश्नात दोन वेगवेगळे प्रश्न मिसळले गेले आहेत, अशी या लेखाची भूमिका आहे. उचललेल्या सामग्रीचे पुढे काय झाले, हा पहिला प्रश्न; ज्याच्याकडून ती उचलली त्याचे काय झाले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काव्यशास्त्र देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर मात्र इतिहासाकडेच मागावे लागते.

मँचेस्टरची पार्श्वभूमी

मॉरिसी यांचा जन्म १९५९ चा. त्यांचे आईवडील आयर्लंडमधून स्थलांतरित झालेले होते आणि बँडमधील अन्य तिघांच्याही घराण्यांची मुळे आयर्लंडशी जोडलेली होती. मॉरिसी यांचे बालपण प्रथम हल्म या कामगारवस्तीत व नंतर स्ट्रेटफर्ड येथे गेले. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेऊन मुलांची विभागणी केली जाई. निवडक मुले ‘ग्रामर स्कूल’मध्ये जात व उर्वरित ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळेत. दुसऱ्या गटातील मुलांकडून उच्च शिक्षणाची अपेक्षा सहसा धरली जात नसे. मॉरिसी याच दुसऱ्या प्रकारच्या शाळेत शिकले. त्यांचे साहित्यशिक्षण शाळेत झाले नाही. ते घरी व ग्रंथालयात झाले. त्यांच्या आई ग्रंथालयात काम करीत आणि ऑस्कर वाइल्ड यांच्या लेखनाची गोडी मुलाला त्यांच्यामुळेच लागली.

येथे स्थळाचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. १८५० च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याचा लाभ घेऊन मोफत ग्रंथालय उघडणाऱ्या पहिल्या मोठ्या शहरांत मँचेस्टरची गणना होते. तेथील ग्रंथालयाचे उद्घाटन १८५२ मध्ये झाले व त्या समारंभास चार्ल्स डिकन्स उपस्थित होते. शेजारच्या सॅलफर्डमध्ये तर त्याही आधी सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले होते. औद्योगिक कामगारांच्या या प्रदेशात शाळेने नाकारलेले ज्ञान ग्रंथालयातून मिळविण्याची परंपरा अशी जुनी आहे.

त्याच सॅलफर्डमध्ये १९३८ साली शीला डिलेनी यांचा जन्म झाला. त्याही प्रथम ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळेतच गेल्या होत्या. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांचे ‘अ टेस्ट ऑफ हनी’ हे नाटक लंडनच्या पूर्व भागातील थिएटर रॉयल येथे जोन लिटलवुड यांच्या ‘थिएटर वर्कशॉप’ने मे १९५८ मध्ये रंगभूमीवर आणले. १९६१ मध्ये टोनी रिचर्डसन यांनी त्यावर चित्रपट काढला. अविवाहित गर्भवती मुलगी, तिची बेफिकीर आई, कृष्णवर्णीय खलाशी आणि मुलीची काळजी घेणारा समलिंगी मित्र, अशी पात्रे त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीवर अपूर्व होती. उत्तर इंग्लंडमधील कामगारांची बोली नाटकाची भाषा होऊ शकते, हे या नाटकाने दाखवून दिले. मॉरिसी यांच्या गीतांचा मुख्य वाङ्मयीन आधार हाच आहे. आपल्या लिहिण्यामागील किमान निम्मे श्रेय वा दोष डिलेनी यांच्याकडे जातो, असे त्यांनी १९८० च्या दशकातील एका मुलाखतीत सांगितलेही होते.

उचलीचे स्वरूप

‘द स्मिथ्स’च्या गीतांतील उचल सरसकट एका प्रकारची नाही. उपलब्ध उदाहरणांवरून तिचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार शीर्षकांचा. ‘द क्वीन इज डेड’ हे १९८६ च्या संग्रहाचे नाव अमेरिकन लेखक ह्यूबर्ट सेल्बी यांच्या ‘लास्ट एक्झिट टू ब्रुकलिन’ (१९६४) या पुस्तकातील एका भागाचे शीर्षक आहे. ‘शेक्सपिअर्स सिस्टर’ (१९८५) हे नाव व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) या ग्रंथातील सुप्रसिद्ध कल्पनेवरून आले. शेक्सपिअरला तितकीच प्रतिभावान बहीण असती तर तिचे काय झाले असते, हा वुल्फ यांचा प्रश्न होता.

दुसरा प्रकार सुट्या वाक्यांचा. ‘धिस चार्मिंग मॅन’ (१९८३) या गीतातील पायरी विसरलेल्या नोकराविषयीचा उपहासात्मक उल्लेख ‘स्लूथ’ (१९७२) या चित्रपटातील संवादातून घेतलेला आहे. ‘हाउ सून इज नाउ?’ (१९८४) या गीतातील वारशाविषयीचा उल्लेख जॉर्ज एलियट यांच्या ‘मिडलमार्च’ (१८७१-७२) या कादंबरीतील एका वाक्याचे रूपांतर होय. कादंबरीत हे वाक्य एका कारखानदाराच्या निरुद्योगी मुलाविषयी आहे. गीतात कारखानदाराच्या जागी लाजाळूपणा येतो आणि कशाचाच वारस नसलेला तो मुलगा लाजाळूपणाचे अपत्य ठरतो. सामाजिक उपरोधाचे वाक्य असे आत्मकथनाचे वाक्य झाले.

तिसरा प्रकार संपूर्ण प्रसंगाचा. ‘धिस नाइट हॅज ओपन्ड माय आइज’ हे गीत, जे ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ (१९८४) या संकलनात समाविष्ट झाले, ‘अ टेस्ट ऑफ हनी’वरच उभे आहे. शिशाच्या रंगाच्या नदीची प्रतिमाही नाटकातलीच आहे. तथापि नाटक नायिकेला प्रसूतिवेदना सुरू होतात तेथे संपते. गीत मूल जन्मल्यानंतर सुरू होते. नको असलेल्या अपत्याचे काय करायचे, हा नाटकाने प्रेक्षकांवर सोडलेला प्रश्न गीत हाती घेते.

चौथा प्रकार शैलीचा व दृष्टीचा. कॅनडियन लेखिका एलिझाबेथ स्मार्ट (१९१३-१९८६) यांचे ‘बाय ग्रँड सेंट्रल स्टेशन आय सॅट डाउन अँड वेप्ट’ हे काव्यात्म गद्यातील पुस्तक १९४५ मध्ये लंडनमध्ये अत्यल्प प्रतींत प्रसिद्ध झाले. विवाहित कवी जॉर्ज बार्कर यांच्यावरील उत्कट प्रेमाची ती कहाणी आहे. पुस्तकाला कॅनडात अटकाव व्हावा यासाठी लेखिकेच्या आईनेच खटपट केली. १९६६ मध्ये ते पुनर्मुद्रित होईपर्यंत थोड्याच वाचकांना त्याची माहिती होती. ‘मीट इज मर्डर’ (१९८५) या संग्रहातील ‘व्हॉट शी सेड’ व ‘वेल आय वंडर’ या गीतांत आणि त्याच वर्षीच्या ‘शेक्सपिअर्स सिस्टर’मध्ये या पुस्तकातील वाक्प्रयोग आढळतात. त्याखेरीज त्यातील दुःखाची अतिशयोक्ती, ती करताना स्वतःकडे किंचित हसून पाहण्याची सवय आणि प्रेमाला धर्मग्रंथाची भाषा देण्याची रीतही गीतांत उतरलेली दिसते.

चाहत्यांमधील वाद

या उचलीविषयीची चर्चा तीन टप्प्यांत झाली. पहिला टप्पा बँडच्या हयातीचा, म्हणजे १९८३ ते १९८७ चा. या काळात मॉरिसी आपल्या आवडत्या लेखकांची नावे मुलाखतींत मुक्तपणे घेत. तबकड्यांच्या वेष्टनांवर जुन्या ब्रिटिश चित्रपटांतील व नाटकांतील व्यक्तींची छायाचित्रे असत. ही चित्रे कोणाची आहेत हे ओळखणे, तो चित्रपट पाहणे आणि ते पुस्तक मिळविणे हा चाहत्यांचा छंद झाला. संगीतविषयक साप्ताहिके आणि चाहत्यांनी स्वतः छापून वाटलेली छोटी नियतकालिके ही या चर्चेची साधने होती.

दुसरा टप्पा बँडच्या विसर्जनानंतरचा. १९९२ मध्ये जॉनी रोगन यांचे मॉरिसी व मार यांच्यावरील चरित्र प्रसिद्ध झाले आणि चर्चेला कागदोपत्री आधार मिळू लागला. तिसऱ्या टप्प्यात सायमन गोडार्ड यांनी २००२ मध्ये प्रत्येक गीताचा स्वतंत्र अभ्यास करून त्यातील वाङ्मयीन व चित्रपटीय स्रोतांची नोंद केली आणि २००९ मध्ये त्याच विषयाचा कोशही सिद्ध केला. दरम्यान एप्रिल २००५ मध्ये मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात या बँडवर विद्वत्परिषद झाली व तेथील विचारमंथनातून आकारास आलेला निबंधसंग्रह २०१० मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रकाशित केला. चाहत्यांनी सुरू केलेली शोधयात्रा अशा रीतीने विद्यापीठापर्यंत पोहोचली.

या संपूर्ण काळात चाहत्यांच्या तीन भूमिका स्पष्ट दिसतात. पहिली भूमिका आक्षेपाची. गीतकार म्हणून केवळ मॉरिसी यांचे नाव छापले जाते, मानधन त्यांना मिळते, मग इतरांचे शब्द वापरताना त्यांची नावे का नाहीत, असा हा आक्षेप आहे. त्यामागे एक भावनिक दुखावलेपणही आहे. ज्या ओळीने एकाकी श्रोत्याला आपले दुःख जाणणारा कोणी आहे असा दिलासा दिला, ती ओळ एखाद्या चित्रपटातील संवाद निघावी, ही गोष्ट विश्वासभंगासारखी वाटणे स्वाभाविक होते.

दुसरी भूमिका बचावाची. सर्व साहित्य पूर्वसाहित्यातून निर्माण होते. शेक्सपिअरने कथानके घेतली, मग एका गीतकारालाच वेगळा न्याय का, असे बचावपक्षाचे म्हणणे. या युक्तिवादात तथ्य असले तरी तो फार विस्तृत आहे. सर्वच उचल निर्दोष ठरविणारा युक्तिवाद चांगली उचल व वाईट उचल यांत भेद करण्याचे साधन गमावून बसतो.

तिसरी भूमिका अधिक सूक्ष्म आहे. तिच्या मते या गीतांचा विषयच मुळी वाचन हा आहे. जगण्याची संधी न मिळालेला मुलगा पुस्तकांतून आणि चित्रपटांतून जगतो. त्याला स्वतःच्या भावना इतरांच्या वाक्यांत सापडतात. म्हणून त्याचे खरे आत्मकथन उसन्या वाक्यांतूनच होऊ शकते. ही भूमिका मान्य केल्यास विश्वासभंगाचा आक्षेप बराच सौम्य होतो. श्रोत्याने गीताच्या बाबतीत जे केले, म्हणजे परक्याच्या शब्दांत स्वतःला ओळखले, तेच गीतकाराने डिलेनी व स्मार्ट यांच्या बाबतीत केले होते. श्रेयाचा आक्षेप मात्र त्यामुळे मिटत नाही.

‘सिमेट्री गेट्स’ : फिर्यादी आणि आरोपी

या वादातील सर्वात रोचक कागद म्हणजे खुद्द बँडचेच एक गीत होय. ‘द क्वीन इज डेड’ या संग्रहातील ‘सिमेट्री गेट्स’ (१९८६) हे गीत वाङ्मयचौर्यावर आहे. त्याच्या शीर्षकातील पहिल्या शब्दाचे इंग्रजी वर्णलेखनही चुकलेले असून ते तसेच छापले गेले. गीतात दोन मित्र उन्हाच्या दिवशी दफनभूमीत भेटतात. एक मित्र कीट्स व येट्स यांच्या बाजूचा. निवेदक वाइल्ड यांच्या बाजूचा. मित्र एक ओळ स्वतःची म्हणून सांगतो. निवेदक ती इतरांची असल्याचे दाखवून देतो आणि अशी लबाडी उघडी पाडणारा जाणकार कोठेतरी असतोच, असा इशारा देतो.

ज्या ओळीवरून मित्र पकडला जातो ती शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकातील पहाटेच्या वर्णनावर बेतलेली आहे. परंतु त्याच गीतात निवेदक थडग्यांकडे पाहून मृतांविषयी जो शोक व्यक्त करतो, तो ‘द मॅन हू केम टू डिनर’ (१९४२) या अमेरिकन चित्रपटातील संवादातून जवळजवळ जसाच्या तसा आलेला आहे. याचा अर्थ चोरीचा आरोप करणारा निवेदक आरोप करण्यापूर्वीच चोरी करून बसलेला आहे. गीत लिहिले गेले त्या सुमारास मॉरिसी यांच्यावर असे आरोप होऊ लागले होते, हे लक्षात घेता ही रचना अजाणता झाली असे मानणे कठीण आहे.

त्याच वर्षी ‘बिगमाउथ स्ट्राइक्स अगेन’ या तबकडीच्या आतील कडेवर, जेथे सुई फिरून थांबते तेथे, सामान्य गुणवंत उसने घेतो आणि प्रतिभावंत चोरतो अशा आशयाचे वाक्य कोरलेले होते. चाहत्यांनी ते वाइल्ड यांचे समजले. वस्तुतः या विचाराचे प्रसिद्ध रूप टी. एस. एलियट यांच्या १९२० मधील फिलिप मॅसिंजरविषयक निबंधात आढळते. एलियट यांनी मात्र तेथे चोरीला सरसकट मुभा दिलेली नाही. उचललेल्या सामग्रीतून कवीने अधिक चांगले किंवा निदान वेगळे काही घडविले की तिची नासाडी केली, यावर त्यांनी कवीची परीक्षा ठेवली आहे. वाइल्ड यांच्याकडे या वाक्याचे श्रेय जावे हेही अर्थपूर्ण आहे, कारण त्यांच्यावरही हाच आरोप झाला होता. १८८१ मध्ये त्यांनी आपला कवितासंग्रह ऑक्सफर्ड युनियनच्या ग्रंथालयाला भेट दिला, तेव्हा त्यातील कविता इतर कवींच्या आहेत असा आक्षेप सभेत घेतला गेला आणि पुस्तक परत करण्यात आले.

मूळ स्रोतांकडे पाहिले तरी हीच साखळी मागे जाताना दिसते. स्मार्ट यांच्या पुस्तकाचे शीर्षकच बायबलमधील १३७ व्या स्तोत्रावर बेतलेले आहे आणि त्यातील एका प्रकरणात पोलिसांच्या उलटतपासणीला ‘गीतरत्ना’तील प्रेमवचनांची उत्तरे येतात. डिलेनी यांच्या नाटकाला लिटलवुड व त्यांच्या नटसंचाने तालमींत बराच आकार दिला होता आणि नाटकातील किती भाग लेखिकेचा, अशी शंका त्या काळीही घेतली गेली. एकोणीस वर्षांच्या कामगारकन्येला हे एकटीने लिहिता येणार नाही, हा पूर्वग्रहही त्या शंकेमागे होता. मौलिकतेचा प्रश्न कोणाला विचारला जातो आणि कोणाला नाही, याचाही एक सामाजिक इतिहास असतो.

काव्यमीमांसेच्या कसोट्या

उचलीचे प्रकार व त्यांची प्रतवारी लावण्याचे काम भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी केले आहे. आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात दोन कवींतील साम्याचे प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे व दोन देहधाऱ्यांतील साम्यासारखे असे तीन प्रकार सांगितले आणि त्यांपैकी तिसरा ग्राह्य मानला. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’च्या अकराव्या ते तेराव्या अध्यायांत शब्दहरण व अर्थहरण यांचे सविस्तर विवेचन केले. ज्याच्या घराण्यातील अकालजलदास ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हटले गेले तो हा राजशेखर. त्याने प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य व परपुरप्रवेशसदृश असे अर्थहरणाचे चार प्रकार मानले.

या कसोट्या मँचेस्टरच्या गीतांना लावल्या असता निकाल एकसारखा येत नाही. ‘सिमेट्री गेट्स’मधील शोकोद्गार शब्दांपुरता पाहिला तर प्रतिबिंबकल्प ठरतो, त्याला अर्थ येतो तो गीताच्या एकूण रचनेमुळे. ‘व्हॉट शी सेड’ आलेख्यप्रख्य म्हणता येईल. स्मार्ट यांची निवेदिका काहीतरी हाती धरायला हवे म्हणून धूम्रपान शिकते. गीतातील ‘ती’ त्याला लवकर मरण येण्याची आशा जोडते आणि करुण वाक्य काळ्या विनोदाकडे वळते. मूळ चित्राला दिलेला हा एक नवा रंग आहे. ‘धिस नाइट हॅज ओपन्ड माय आइज’मध्ये मूळ एक असून मांडणी दूरची आहे, त्यामुळे ते परपुरप्रवेशाच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नगरात शिरून तेथे आपले काही उभारण्याच्या, प्रकाराजवळ जाते. सारांश, एकाच गीतकाराच्या दोन गीतांविषयी दोन निर्णय द्यावे लागतात. ‘मॉरिसी चोर आहेत काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर मागणारे दोन्ही पक्ष म्हणूनच अडचणीत येतात.

राजशेखराच्या विवेचनातील आणखी एक भाग येथे अधिक उपयुक्त आहे. काळ लोटला की अन्य चोऱ्या विसरल्या जातात, पण शब्दांच्या चोरीचा डाग पुत्रपौत्रांपर्यंत पुसला जात नाही, असे पूर्वाचार्यांचे मत तो नोंदवितो. त्यापुढे तो आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत देतो. तिने उचल करण्यास पुरेशी मानली जाणारी कारणे सांगितली आहेत. तो कवी अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याच्या रचनेचे जाणकार आता उरले नाहीत. तिचा कर्ता दूरदेशी आहे. अशी ती कारणे आहेत. ही यादी समर्थन म्हणून वाचावी की उपरोध म्हणून, यावर मतभेद होऊ शकतो. मात्र उचलीच्या मुळाशी प्रतिभेइतकाच सत्तेचा प्रश्न असतो, हे तिच्यातून निःसंशय सूचित होते. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्याकडून घेणे सोपे असते.

श्रेयाचा प्रश्न

अवंतिसुंदरीची कारणे समोर ठेवून ‘द स्मिथ्स’च्या स्रोतांकडे पाहिले असता एक गोष्ट नजरेत भरते. शेक्सपिअर, वाइल्ड, कीट्स व येट्स यांचा गीतांत नावाने किंवा सर्वांना ओळखू येईल अशा रीतीने निर्देश होतो. डिलेनी, स्मार्ट व लँकेशायरच्याच विनोदकार-गायिका व्हिक्टोरिया वुड यांच्याकडून प्रत्यक्ष शब्द अधिक घेतले गेले, पण त्यांची नावे गीतांत नाहीत. ‘व्हॉट शी सेड’ या शीर्षकाचा शब्दार्थच ‘ती जे म्हणाली ते’ असा आहे. कोणी म्हटले हे सांगितले, पण तिचे नाव सांगितले नाही.

‘रशोम रफियन्स’ (१९८५) हे गीत या दृष्टीने बोलके आहे. त्याची चाल एल्विस प्रेस्ली यांनी १९६१ मध्ये गायिलेल्या ‘हिज लेटेस्ट फ्लेम’ या गीताच्या चालीवर आधारलेली असून त्यातील जत्रेच्या वर्णनावर वुड यांच्या ‘फोर्टीन अगेन’ या गाण्याची स्पष्ट छाया आहे. १९८६ च्या मैफलीत बँडने प्रेस्लींचे गीत व स्वतःचे गीत जोडून सादर केले आणि १९८८ च्या ‘रँक’ या ध्वनिमुद्रणात त्या मूळ गीताच्या रचनाकारांना श्रेय मिळाले. चालीच्या मालकांची अशी नोंद झाली. शब्दांच्या मालकिणीची झाली नाही. संगीत-प्रकाशन व्यवसायात चालीवरील हक्काचा हिशेब ठेवणारी यंत्रणा प्रबळ असते. सुट्या वाक्याला तसे संरक्षण नसते. ब्रिटिश कायद्यानुसार कृतीचा ‘लक्षणीय भाग’ घेतला गेला तरच हक्कभंग होतो आणि शीर्षके व छोटे वाक्प्रचार बहुधा या व्याख्येबाहेर राहतात. या बँडच्या नावाशी जोडलेला गाजलेला खटला १९९६ चा; तोही जॉइस यांनी उत्पन्नातील वाट्यासाठी लढविलेला होता. शब्दांच्या श्रेयाचा निवाडा न्यायालयाबाहेरच व्हावयाचा होता.

मॉरिसी यांनी डिलेनी यांचे ऋण मान्य केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुलाखतींतील उल्लेखांव्यतिरिक्त १९८७ मधील ‘गर्लफ्रेंड इन अ कोमा’ या तबकडीच्या व ‘लाउडर दॅन बॉम्ब्ज’ या संकलनाच्या वेष्टनावर डिलेनी यांचेच छायाचित्र आहे. परंतु याच संकलनाचे नाव स्मार्ट यांच्या पुस्तकातील शब्दांवरून घेतलेले आहे. एका वेष्टनावर दोन लेखिकांचे ऋण आहे. एकीचा चेहरा आहे व दुसरीचे शब्द आहेत. चेहऱ्यामुळे डिलेनी नव्या पिढीपुढे आल्या. स्मार्ट १९८६ मध्येच निवर्तल्या होत्या. चार मुलांच्या पालनपोषणासाठी जाहिरातींचा मजकूर लिहून ज्यांनी उपजीविका केली, त्या लेखिकेचे नाव त्या शब्दांशेजारी असणे ही क्षुल्लक बाब नव्हती.

हे अपुरे राहिलेले काम चाहत्यांनी केले. कोणती ओळ कोठून आली हे शोधताना त्यांनी ‘अ टेस्ट ऑफ हनी’ वाचले आणि स्मार्ट यांचे पुस्तक मिळविले. आक्षेप घेणाऱ्यांनी ते पुरावा म्हणून वाचले, बचाव करणाऱ्यांनी संस्काराचा नमुना म्हणून. परिणाम मात्र एकच झाला. ज्या तळटीपा तबकडीवर नव्हत्या त्या श्रोत्यांनी सामूहिकरीत्या लिहिल्या. शाळेने ज्यांच्याकडून फारशी अपेक्षा केली नव्हती अशा वर्गातील एका वाचकाचे ग्रंथालय त्याच्या श्रोत्यांपर्यंत या मार्गाने पोहोचले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. प्रथम, ‘द स्मिथ्स’च्या गीतांतील उचल व्यापक व हेतुपूर्वक आहे, तिचे अस्तित्व नाकारणारा बचाव टिकत नाही. दुसरे, तिच्यापैकी बराच भाग रूपांतरित होऊन नव्या अर्थाला जन्म देतो. सर्व गीते चोरीची म्हणणारा आरोपही टिकत नाही. तिसरे, रूपांतर उत्तम झाले म्हणून श्रेय देण्याची जबाबदारी संपत नाही. मूळ लेखक जितका अप्रसिद्ध, तितकी ही जबाबदारी मोठी. अवंतिसुंदरीने नोंदविलेली कारणे उलटी वाचली तर हाच नियम हाती येतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य-प्रतिबंधाचे विनियम लागू केल्यापासून साम्याची टक्केवारी हा महाविद्यालयांतील परिचित विषय झाला आहे. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य त्यात दंडनीय मानलेले नाही. गीत आणि प्रबंध यांचे धर्म वेगळे आहेत. प्रबंध स्रोत सांगण्याचे वचन देतो, गीत तसे वचन देत नाही. तरीही दोहोंच्या बाबतीत टक्केवारीने न कळणाऱ्या दोन गोष्टी सारख्याच राहतात : घेतलेल्या सामग्रीचे लेखकाने काय केले, आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव वाचकापर्यंत पोहोचू दिले की नाही. मँचेस्टरच्या चाहत्यांचा वाद अजूनही अभ्यसनीय आहे तो या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी कोणत्याही नियमाच्या सक्तीविना, केवळ गीतांवरील प्रेमापोटी केला म्हणून.